काठीचं आयुष्य : दिवाळी ते अखाजी

कापसाच्या जिनातला हमाल शेषराव पुसदला आला तेव्हा मी आठवीच्या वर्गावर होतो. फळ्यावर नकाशा टांगलेला होता आणि मुलं वहीत नद्या उतरवून घेत होती. शेषराव दारात उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि माझ्याकडे न पाहता नकाशाकडे पाहत राहिला. घाटंजीहून पुसदला यायचं तर यवतमाळला मोटार बदलावी लागते, अर्धा दिवस मोडतो. इतक्या लांब तो सहज आलेला नाही हे मला कळलं. मी बाहेर आलो.

"चाला मास्तर," तो म्हणाला. "डोमाजीभाऊ गेले. सकाळी काचा पुसत व्हते. पत्र्यावरून खाली आले... जागीच."

ज्या माणसानं आपल्याला वाढवलं तो गेल्याचं ऐकल्यावर तोंडातून पहिला शब्द कोणता निघावा, याचा काही नियम नाही. तरीही जो निघाला त्याची मला आज लाज वाटते. मी विचारलं, "हातात काठी कोणती होती?"

शेषराव गोंधळला. "काठी? काठीच व्हती नं... बांबूची. नेहमीची."

"लोखंडी पाईप नव्हता?"

"नाही जी. बांबूच. तुटून दोन तुकडे झाले तिचे."

आणि मला हायसं वाटलं. मी ते लपवत नाही. मोटारीत बसून दिग्रसचा रस्ता मागे पडेपर्यंत मी मनात एकच गोष्ट घोळवत होतो : माझा पाईप नव्हता, बांबू होता... मी दिलेल्या वस्तूनं त्यांचा जीव घेतला नाही. ते समाधान दिवेलागणीपर्यंत टिकलं. त्यानंतर जे कळलं ते सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. सात आठवडे झाले, आणि अजून मी ते कोणाला नीट सांगितलेलं नाही.

डोमाजी माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. माझे आईवडील पटकीच्या साथीत एका आठवड्यात गेले तेव्हापासून मी मोठेबाबा आणि मोठीमाय यांच्या घरी वाढलो. त्यांना मूलबाळ नव्हतं. घाटंजीच्या एका जिनात मोठेबाबांची नोकरी होती, आणि त्या नोकरीला धड नावही नव्हतं. हजेरीपटावर त्यांना 'झाडूवाला' लिहीत, पण झाडू मारणाऱ्या बाया वेगळ्या होत्या. मोठेबाबा फक्त काचा पुसत. लोकांना हे काम हसण्यासारखं वाटे. कापसाच्या जिनात काचा पुसायला रोज एक माणूस कशाला हवा, असं मला कॉलेजात एका मित्रानं विचारलंही होतं.

ज्यानं जीन आतून पाहिलेलं नाही त्याला हे सांगावं लागतं. लांबच लांब शाळेसारखी इमारत, तिच्यात दोन्ही अंगांना रेच्यांची रांग. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई उभी असते आणि फिरत्या रुळाच्या तोंडाशी हातानं कापूस सारत असते. हवेत रुईचं बारीक तूस सतत उडत असतं. त्यामुळे आत दिवा लावायला सक्त मनाई, विडी-काडी तर फाटकावरच काढून घेतात. एक ठिणगी पडली तर सारं जीन पाच मिनिटांत जाईल. म्हणजे बायांना जो काय उजेड मिळायचा तो भिंतीत उंचावर असलेल्या खिडक्यांतून. आणि तेच तूस, यंत्राच्या तेलाची वाफ धरून, काचांवर चिकटत जायचं. सकाळी पुसलेली काच दुपारी दुधासारखी व्हायची. दोन दिवस पुसली नाही तर आत संध्याकाळ होई, आणि बायांची बोटं रुळापासून वीतभर अंतरावर.

मोठेबाबा सकाळ-दुपार काचा पुसत. खालची रांग जमिनीवर उभं राहून, वरची रांग बाहेरच्या पडवीच्या पत्र्यावर चढून. हातात बारा हात लांबीची काठी, तिच्या टोकाला गोणपाटाचा बोळा बांधलेला. छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला तेव्हा जिनाच्या फाटकावर पेढे वाटले होते. मोठेबाबा पेढा तोंडात टाकून म्हणाले, "राज्य बदललं म्हनते. बरं हाय. पन काचा काही पुसून नाही देल्ल्या कोनी."

काठी हा त्यांचा खरा विषय होता. इतर बाबतीत ते फार बोलत नसत. काठीसाठी बांबू यायचा तो डोंगरातल्या कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, लच्छूबाबाकडून. भादव्यात जिनाचा निरोप पोडावर जायचा आणि लच्छूबाबा पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडायचा. चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला घुण लागतो, अशी दोघांचीही खात्री होती. मग आश्विनात तो खांद्यावर घेऊन अंगणात उभा राही.

"हा घे तुहा नवरदेव," असं म्हणून तो बांबू धाडकन टाकायचा.

"अमोशाच्या आत तोडला का पुनवेचा आनला उचलून?"

"पुनवेचा निंगाला तर माह्या डोक्यात घाल."

"तुह्या डोक्यात घालून बांबू कायले खराब करू?"

दरवर्षी हेच. मग दोघं मिळून तो बांबू शेकोटीच्या आचेवर फिरवून सरळ करत, पेरं घासत, जवसाचं तेल चोळत. त्या काठीचं काम दिवाळीला जिनाबरोबर सुरू व्हायचं आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपायचं. एक हंगाम. त्यापुढे एक दिवसही नाही. मी एकदा म्हटलं, "मोठेबाबा, अजून तर चांगली दिसते." ते म्हणाले, "मरायच्या आंधी सारेच चांगले दिसते."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं होतं, ते मला शब्दाशब्दानं आठवतं. पहिला महिना नवी काठी ऐकत नाही. मग तीन महिने ती आपल्या हातासारखी चालते. होळी झाली की ती निव्वळ ओळखीवर चालते. काठी टोकाला मरत नाही. जिथं आपण धरतो तिथं घाम मुरतो, आणि वरून तिसऱ्या पेरापाशी ती रोज वाकते. या दोन जागी ती मरते, आणि दोन्ही जागा बाहेरून गुळगुळीत दिसतात. दर बाजाराच्या दिवशी, म्हणजे जिनाच्या सुट्टीला, ते काठीचा बुंधा फरशीवर आपटून कान लावत. जिवंत काठी टणक बोलते, मेलेली भद्द करते. "पत्र्यावर उभं राह्यलं की मानूस पायावर नसते, काठीवर असते," ते म्हणत. "काचेवर जोर लावला नं, का तुहा भार तिच्यावर. ते गेली का तू गेला."

आणि अखाजीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः करवत घेऊन त्या काठीचे तुकडे करत. कोणी मागितली तरी देत नसत. अख्खी ठेवली की कोणीतरी न विचारता उचलतं आणि वापरतं, म्हणून. तुकड्यांची मोठीमाय फुंकणी करी, वेलांना आधार करी.

मॅट्रिकला मी पहिल्यांदा नापास झालो. घरात कोणीच तिथवर गेलेलं नव्हतं, त्यामुळे नापास होणं म्हणजे नेमकं काय झालं हेही कोणाला कळत नव्हतं. शेजारी म्हणाले, पोट्ट्याला जिनात लावा. पुढच्या बाजाराच्या दिवशी मोठेबाबांनी मॅनेजरकडून किल्ली घेतली, मला बंद जिनात नेलं आणि पूर्वेच्या रांगेखाली एक गोणपाट अंथरून दिलं. "इथं वाच," म्हणाले. "साऱ्या घाटंजीत इतका उजेड दुसऱ्या जागी नाही. माह्या हातचा हाय." त्या वर्षी सुट्टीचा प्रत्येक दिवस मी तिथं बसून वाचलं.

छप्पनच्या मार्चात परीक्षेचं केंद्र यवतमाळला होतं. मी एकटा घाबरीन म्हणून मोठेबाबा माझ्याबरोबर आले. गणिताचे आणि इंग्रजीचे पेपर होईपर्यंत दोन दिवस ते शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून होते. हंगाम चालू होता. इतक्या वर्षांत त्यांनी हंगामात घेतलेली ही पहिली रजा. त्या दोन दिवसांत काचा कोणी पुसल्या नाहीत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं रेच्यात गेली.

अंधारामुळेच गेली असं कोणी म्हटलं नाही. गिरजाबाई स्वतः तर कधीच म्हणाली नाही. बरी होऊन कामावर आल्यावर ती मोठेबाबांना भर जिनात मोठ्यानं म्हणाली होती, "डोमाभाऊ, असे काय पाहून राह्यले माह्या हाताकडे? आठ हायेत अजून. तुमी वर पाहा, काचा पुसा!" बाया हसल्या. मोठेबाबा हसले नाहीत. मी पास झालो तेव्हा त्यांनी साखर वाटली, गिरजाबाईच्या घरी स्वतः नेऊन दिली, आणि त्यानंतर हंगामात एकही दिवस ते कामाला चुकले नाहीत. ताप असला तरी जात. मोठीमाय अडवायला गेली की म्हणत, "खाली बायाईचे हात हायेत."

पुढे मी यवतमाळला, मग अमरावतीला शिकलो. कधी वसतिगृहात, कधी कोणाच्या ओसरीवर. बी.ए. झालो. आमच्या कुळात पहिला. त्या दिवसापासून मोठेबाबांनी मला 'अबे मन्या' म्हणणं सोडलं. 'मास्तर' म्हणू लागले, आणि 'तुमी'. मी विनवलं, रागावलो, पण ऐकलं नाही. "तुमाले नाही कळत," म्हणाले. तेव्हा मला गंमत वाटली, थोडा अभिमानही वाटला. आमच्या दोघांच्या मध्ये काहीतरी उभं राहिलं आहे हे मला कळलं नाही. ज्याला 'अबे' म्हणता येतं त्याला 'तुझी वस्तू कामाची नाही' असंही म्हणता येतं. मास्तरला ते म्हणता येत नाही.

पुसदच्या हायस्कुलात लागल्यावर पहिला पगार हातात आला. काय घ्यावं? मोठीमायला लुगडं घेतलं. मोठेबाबांसाठी मात्र मला असं काही हवं होतं की जे त्यांच्या कामी पडेल. नागपूरला गेलो असताना एका मोठ्या इमारतीच्या काचा पुसणारी माणसं मी पाहिली. त्यांच्या हातात लोखंडी नळीच्या, आट्यांनी जोडलेल्या काठ्या होत्या. मी चौकशी करत लोखंडाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, बीस साल कुछ नहीं होगा. आपका आदमी बूढ़ा हो जाएगा, ये नहीं होगा." मला ते वाक्य फार आवडलं. दरवर्षी नवा बांबू, शेकणं, तेल चोळणं, करवतणं... आणि इकडे वीस वर्षं टिकणारी काठी! शिक्षणाचा उपयोग म्हणजे हाच, असं मला मनापासून वाटलं. तीन तुकड्यांचा पाईप, टोकाला केसांचा ब्रश, असं सारं बांधून मी मोटारीच्या टपावर टाकून दिवाळीच्या सुट्टीत घाटंजीला आलो.

मोठेबाबांनी पाईप दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. अंगणात उभा करून वरपर्यंत पाहिला. "झकास हाय," म्हणाले. शेजारच्यांना बोलावून दाखवला. "आमच्या मास्तरनं आनला. नागपूरहून. वीस वर्सं." दुसऱ्या दिवशी खांद्यावर टाकून जिनात नेला, मॅनेजरांना दाखवला. मी त्या संध्याकाळी पुसदला परत गेलो. जाताना ते मोटारीपर्यंत आले. "कसा चालला?" मी विचारलं. "हातासारखा," ते म्हणाले.

पुढच्या मे महिन्यात मी सुट्टीला आलो तेव्हा अखाजी होऊन गेली होती. पाईप घरात भिंतीवर, तीन खुंट्यांवर आडवा टांगलेला होता, जुन्या लुगड्याची खोळ घातलेला. हंगाम संपला म्हणून घरी आणून ठेवला असेल, असं मी धरलं. अंगणाच्या कोपऱ्यात त्या वर्षीची बांबूची काठी उभी होती. अख्खी. मी पाहिली, आणि विचारलंही, "ही अजून करवतली नाही?" ते चिलीम भरत होते. वर न पाहता म्हणाले, "राहू द्या मास्तर. मांडवाले कामी येइन." मी पुढे काही विचारलं नाही. ज्या माणसानं पंचवीस वर्षं एकही मेलेली काठी उभी ठेवली नाही, त्याच्या अंगणात ती उभी होती, आणि मी तिला टेकून उभा राहून मोठीमायच्या हातचा चहा प्यालो.

त्या दिवशी दिवेलागणीला मी आणि शेषराव पोचलो तेव्हा मोठेबाबांना ओसरीवर ठेवलेलं होतं. माझी वाट पाहत थांबले होते सगळे. अंगणात काठीचे दोन तुकडे कोणीतरी भिंतीशी उभे केले होते. मी ते हातात घेतले. वरून तिसऱ्या पेरापाशी तुटली होती. आतून काळी, भुसभुशीत. ती काठी मी ओळखली. बुंध्याशी तेलाचा डाग होता, मे महिन्यात मी पाहिलेला. घरात आलो तर पाईप तिथंच, त्याच तीन खुंट्यांवर, खोळीसकट. मी मोठीमायकडे पाहिलं. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "आता तुले सांगाले हरकत नाही. त्याईनं नोको म्हनलं व्हतं."

पाईप त्यांनी जिनात एकच दिवस वापरला होता. तो इतका जड होता की घटकाभरात त्यांचे खांदे भरून आले. बांबू वाकतो, काचेचं ऐकतो. लोखंड वाकत नाही. पहिल्याच दिवशी दोन काचा फुटल्या. त्यांनी मॅनेजरांना सांगितलं, काचा जुन्या झाल्या होत्या. पाईप घरी आणून टांगला आणि आश्विनात आलेल्या नव्या बांबूवर तो हंगाम काढला. कोणी विचारलं तर म्हणायचे, पाईप दुपारी वापरतो. पण हंगाम संपताना मॅनेजर त्यांना कौतुकानं म्हणाले, डोमाजी, तुझ्याकडं आता मास्तरचा पाईप आहे, मग पुढच्या साली पोडावर निरोप कशाला धाडायचा? त्यावर मोठेबाबा म्हणाले, "नोका धाडू." म्हणून त्या अखाजीला काठी करवतली गेली नाही.

"लच्छूबाबा सोता आला व्हता आश्विनात," मोठीमाय सांगत होती. "म्हने, डोमा, औंदा निरोप कसा नाही आला? माह्यावर रागावला का? हे म्हनले, नोको बावा, मास्तरचा पाईप हाय आता. तो गेला तशी मी बोलली, अहो, एक बांबू ठेवून घ्या नं गुपचूप. तर म्हने, नवा बांबू आला का साऱ्या गावाले दिसन नं. जुनी काठी पाईपाले जोड म्हनून खपते. मंग म्हनतीन, मास्तरनं आनलेला पाईप कामाचा नाही. पोट्टा एवढा शिकला, त्याच्या पहिल्या कमाईची वस्तू हाय... एक हंगाम चालवून घेतो मी. मी बोलली, मंग काचा राहू द्या जराशा. तर म्हने, खाली बायाईचे हात हायेत."

"काठी मेली हे त्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"पाह्यत नव्हते का दर बाजाराले? फरशीवर आपटत, कान लावत. मंग तशीच उचलत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अग्नी दिला. स्मशानातून परत आल्यावर गिरजाबाई दाराशी बसलेली होती. पदरात तोंड घालून ती सारखी म्हणत होती, "आमाले उजेड पायजे म्हनूनच थे चढले नं माय... आमच्यासाठीच गेले..." मोठीमायनं तिचा तो तीन बोटांचा हात हातात धरून ठेवला होता. तुझ्यासाठी नाही, असं मी तिला सांगायला हवं होतं. कापसाची गंजी ते पडले त्या जागेपासून फार तर दहा हातांवर होती, असं शेषराव पुन्हा पुन्हा प्रत्येकाला सांगत होता. जणू त्या दहा हातांचाच काय तो दोष.

तेराव्याच्या आधी मॅनेजर भेटायला आले. सज्जन माणूस. मोठेबाबांच्या प्रामाणिकपणाबद्दल मनापासून बोलले. उठताना म्हणाले, "मास्तर, एक विनंती होती. काचांचं काम तुंबलं आहे, उद्यापासून नवा माणूस लावतो आहे. तुमचा तो पाईप पडूनच आहे... डोमाजी फार तारीफ करायचे त्याची. तेवढा देता का? वीस वर्षं बघायला नको."

मी म्हणालो, "तो पाईप निकामी आहे. पहिल्या दिवसापासून निकामी होता."

"पण डोमाजी तर..."

"खोटं बोलत होते. माझ्यासाठी."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याविषयी असा शब्द पहिल्यांदा उच्चारला. मॅनेजर हळूच म्हणाले, "मग मागायचा होता बांबू. मी काय नाही म्हटलं असतं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मी विचारलं असतं तर मोठेबाबांनी मलाही कदाचित खरं सांगितलं असतं, हेही खरं. पण मी 'कसा चालला?' एवढंच विचारलं, आणि विचारताना मला उत्तर कोणतं हवं आहे ते माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार. माणसाची उभी हयात ज्या कामात गेली, त्या कामात त्याला काय सोपं जाईल हे मी त्याला न विचारता ठरवलं. ते मी शाळेत शिकलो नव्हतो, पण शाळेत गेल्यामुळेच मला ते सुचलं. मॅनेजरांनी त्याच दिवशी पोडावर माणूस धाडला. लच्छूबाबानं पंधरवडा पाहिला नाही. मिळाला तो बांबू तोडून दिला आणि घाटंजीला स्वतः मात्र आला नाही.

सुट्टीला गेलो की मी अजून त्या घरात उतरतो. मोठीमाय पुसदला यायला तयार नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा दार उघडंच होतं आणि ती आतल्या खोलीत पाटावर उभी होती. पाईपवरची खोळ काढून खाली ठेवलेली, आणि तेलात भिजवलेल्या चिंधीनं ती तो पाईप पुसत होती. मला धक्का बसला. मी म्हणालो, "मोठीमाय, हा अजून इथं कशाला? मी लोहाराला देऊन टाकतो."

"राहू दे."

"आता कोणासाठी पुसतेस?"

ती थांबली नाही. "दर आठवड्याले तेच पुसत व्हते. एक रविवार चुकला नाही. म्हनत, जंग चढू द्याचा नाही. मास्तर कवाबी येइन, त्याले नवा दिसला पायजे." मग हात खाली घेऊन तिनं मनगट दाबलं. पाईप खरंच नवा दिसत होता. नागपूरच्या दुकानात होता तसा, आट्यांपाशीसुद्धा कुठं डाग नाही. पाटावरून उतरत तिनं ती चिंधी माझ्यासमोर धरली.

"त्या टोकाले माहा हात पुरत नाही," ती म्हणाली. "तेवढं तू पूस."

मी पाटावर चढलो आणि पुसू लागलो.